ताटाखालचा रुपया

परवा जावयाबरोबर बीडला स्टँडसमोरच्या हॉटेलात जेवायला बसले होते. जेवण झालं आणि उठता उठता जावयानं वाढणाऱ्या माणसासाठी ताटाजवळ पैसे ठेवले. "अहो, उचला ते!" असं मी एवढ्यानं ओरडले की गल्ल्यावरचा माणूसही उठून उभा राहिला. जावई ओशाळले. "मामी, आता सगळेच देतात. न दिलं तर तोच आपल्याकडं रागानं बघतो."

देत असतील. घेणाराही खुशीत घेतो, खोटं कशाला बोलू? पण मला एका रुपयानं जन्माची अद्दल घडवली आहे. ताटाशी ठेवलेला पैसा दिसला की आजही मी आधी तो उचलायला लावते.

तेव्हा राज्य निजामाचं होतं. आम्ही मूळचे चकलांब्याचे. मोटेच्या नाड्यात सापडून बापाचा उजवा हात अधू झाला, तेव्हा रान चुलत्याच्या हवाली करून आम्ही बीडला आलो आणि कचेरीमागं खानावळ घातली. आई चुलीपुढं, बाप वरण-भाजी वाढायला आणि तव्यावरची गरम भाकरी ताटापर्यंत न्यायला मी. मला पंधरावं लागलं होतं, म्हणजे त्या काळात घोडनवरीच. केजचं एक स्थळ आलेलं होतं. विहिरीचं रान, दोन बैलजोड्या, मुलगा धट्टाकट्टा. बापानं येत्या बाजाराच्या दिवशी होकार कळवायचा, एवढंच राहिलं होतं.

आता आमच्याकडचा रिवाज सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. पोरगी बघायला आलेला पाहुणा तोंडानं 'पसंत' म्हणत नसे. पोरीच्या हातचं जेवायचा आणि उठताना ताटाखाली रुपया ठेवून जायचा. ताट उचलल्यावर रुपया निघाला की सोयरीक झाली. नाही निघाला तर कुणी चकार शब्द काढायचा नाही, म्हणजे पोरीची अब्रू झाकली राहायची. फार शहाणा रिवाज होता, मी अजूनही म्हणते.

त्या हिवाळ्यात जमिनीच्या मोजणीचा एक तरुण कारकून आमच्याकडं जेवायला येऊ लागला. जन्म जालन्याकडचा, पण शिकून मोठा झालेला हैदराबादेत. बापानं सवयीप्रमाणं आधी गाव विचारलं, मग कूळ. दोन्ही आमच्यात बसणारं. हा बाबा प्रत्येक भाकरीला म्हणायचा, "मेहेरबानी." मी पहिल्यांदा ऐकलं आणि चुलीपाशी जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. भाकरीला कुणी मेहेरबानी म्हणतं का! आई म्हणाली, "दात काढू नगंस. लई गुणाचं हाय लेकरू." पुढं पुढं मी हसायची थांबले. तो यायच्या वेळेला वेणी नीट करायला लागले, हेही सांगून टाकते.

मोजणी गेवराईकडं निघाली तसा तो जेवणाचे पैसे बापाच्या हाती देऊन, रामराम करून गेला. मी ताट उचललं. खाली निजामाचा हाली रुपया! चकचकीत!

मी आईला हाक मारली. आई धावत आली, तिनं रुपया बघितला आणि दोन्ही हातांनी माझी अलाबला घेतली. "अगं बया बया! अहो, ऐकलं का? पसंत केली की पोरगी!" बापाला खरंच वाटेना. त्यानं ताट उलटंपालटं करून बघितलं, जणू त्याच्यावर काही लिहिलेलं असेल. मग बोळात साखर वाटली. केजला निरोप गेला की आमचं दुसरीकडं जमलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं माझा बाप जगाला सांगायचा. स्वतःला सांगायचं राहिलं.

बापानं गेवराईकडच्या चकलांब्यालाही सांगावा धाडला: आपले जावई तिकडं येतायत, बडदास्त ठेवा. चुलत्यानं ती कमी केली नाही. घरी नेऊन तूप-रोटी, पुरणपोळी. त्या बिचाऱ्याला वाटलं, या मुलखातली माणसंच दिलदार. त्याला कुणी जावई म्हणून हाक मारली नव्हती, लग्नाआधी मारायची नसते.

आणि मग एका सकाळी चुलता बीडला आला. गाडीतून उतरला तो फेटा वाकडा, डोळे लाल. त्यानं खिशातून एक रुपया काढून बापापुढं आपटला.

"ह्यो बघ तुझ्या जावयाचा कारभार! आमच्या घरी बी ताटाखाली रुपया ठिवून गेला! माझ्या पोरीनं वाढलं होतं रं! आता काय दोघी बहिणी करतो का काय त्यो?"

आई भिंतीला टेकून "आता गं बाई, आता गं बाई" एवढंच म्हणत राहिली. दोघा भावांची अशी जुंपली की जेवायला आलेले पक्षकार न जेवताच गेले. आणि देवाची करणी अशी, की चौथ्या दिवशी दुपारी तोच दारात उभा! हसतमुख, हातात पिशवी. आई त्याला काकडी आवडते म्हणून कोशिंबीर करायची, ती आहे का, असं विचारत आला.

बापानं दोन्ही रुपये त्याच्यापुढं धरले. "कारकूनसाहेब, हे काय हाय?"

त्यानं रुपयांकडं बघितलं, बापाकडं बघितलं. "बक्षीस."

"कशाचं?"

"वाढण्याचं. मुलगी गरम भाकरी आणायची, म्हणून. हैदराबादेत हॉटेलात वाढणाऱ्या पोऱ्याला देतात, तसं."

"पोऱ्याला?" चुलता मटकन खालीच बसला.

आई पिठाचे हात घेऊन तशीच बाहेर आली. परक्या माणसापुढं कधी आवाज न काढणारी माझी आई, तिनं त्याला चांगलंच सोलून काढलं. "आवो, केजचं सोयरं मोडलं की आमी तुमच्यापायी! गावभर साखर वाटली! आता कोन घेईल माझी पोरगी?" मग बापानं रिवाज सांगितला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पार उतरला. "देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं," म्हणाला. मग हळूच बोलला, "माझ्यामुळं तुमची बदनामी झाली. मी लग्न करायला तयार आहे."

"कुनाशी?" चुलता.

"ज्यांचं सोयरं मोडलं, त्यांच्याशी."

बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं देवाला हात जोडले. मी दाराआड उभी होते, आणि माझ्या तोंडातून शब्द कसे फुटले मला आजही कळत नाही.

"मला न्हाई करायचं."

"कावून?" बाप दचकला.

"रुपया बक्षीस म्हणून दिला. आता माणूस बी बक्षीस म्हणूनच द्यायलेत. मी न्हाई घेत."

पंधरा वर्षांची पोरगी बापापुढं असं बोलते! बापाचा धड डावा हात उठलाच होता. कारकुनानंच मध्ये पडून तो धरला. त्या गोंधळात चुलता तेवढा भानावर होता. "मग माझ्या पोरीचं काय? तिचं बी नाव गावात झालंय," म्हणाला. कारकुनानं एकदा दाराकडं बघितलं, वाट बघितल्यासारखं. मी हललेही नाही. मग त्यानं चुलत्यापुढं मान डोलवली.

वैशाखात चुलतबहिणीचं लग्न लागलं. मला दोन वर्षांनी एका बिजवराला दिली. माणूस चांगला होता, माझी तक्रार नाही. आणि मी ताठ मानेनं जगले. भीक नाकारली याचा मला तोरा होता, आणि तो मी वर्षानुवर्षं मिरवला.

बहीण दिवाळीला यायची. तिला तोवर चार लेकरं झालेली. एका दिवाळीत आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, "अक्का, तू त्या दिवशी कावून नगं म्हणलीस गं? त्यांच्या मनात तूच होतीस. परवा हसत हसत सांगत होते. म्हणे, तुझ्या बापासमोर 'पोरगी आवडली' असं तोंडानं कसं म्हणायचं, जीभच रेटंना. म्हणून बदनामीचं निमित्त पुढं केलं."

ती हसली. पदरातल्या शेंगा तिनं माझ्यापुढं ओतल्या. तिच्या धाकट्यानं पाणी मागितलं, म्हणून मी उठून आत गेले.