टोपीचा खेळ

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी तिसगावजवळच्या एका खेड्यात एकशिक्षकी शाळेवर होतो. पोरं इतकी मुकी, की पाटीवर कुणाचा पाय पडला तरी 'माझी हाय' एवढंही म्हणायची नाहीत. मला त्याचा भारी राग यायचा. म्हणून मी एक खेळ काढला. माझी पांढरी टोपी एकाच्या डोक्यावर घालायची. तो घरातला मोठा माणूस. समोरच्यानं त्याच्या डोळ्यांत बघून, न रडता, न ओरडता आपलं म्हणणं तीनदा सांगायचं. नीट जमलं, की त्या मोठ्या माणसानं टोपी काढून त्याच्या हातात द्यायची.

चौथीतली एक मुलगी पहिल्या दिवशी परकराचं टोक चावत नुसतीच उभी राहिली. दिवाळीपर्यंत तिनं सगळ्या वर्गाच्या डोक्यावरची टोपी उतरवली होती, एकदा माझ्याही. ही पुढं शेवगावला हायस्कुलात जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. कौतुक तर गावभर सांगत फिरायचो.

दिवाळी सरली आणि ऊसतोडीच्या गाड्या निघायला लागल्या. एका सकाळी तिचे वडील शाळेच्या दारात आले. बाहेर बैलगाडी जुंपलेली, गाडीत तिची आई तान्ह्याला घेऊन बसलेली.

"चल गं," ते म्हणाले.

ती उठली. तिनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "आबा, मला साळा सोडायची न्हाई. मी चुलतीपाशी ऱ्हाते."

तेच तिनं तीनदा सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही.

वडील रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "गुरुजी, आमी दोघं दिवसभर फडात. तान्ह्याला कोन धरील? तुमीच सांगा हिला. तुमचं लई ऐकती."

तीही माझ्याकडं वळली आणि तिनं हात पुढं केला. खेळाचा नियम तिला पाठ होता, आणि टोपी माझ्या डोक्यावर होती.

'पोरीला राहू द्या, तान्ह्याचं काहीतरी बघू,' एवढंच म्हणायचं होतं. काय बघू, ते मला ठाऊक नव्हतं हे खरं. पण तिच्या बाजूनं उभं राहायला तेवढं ठाऊक असायची गरज नव्हती. बापलेकीच्या मधे मास्तरनं कसं पडायचं, म्हणून मी कच खाल्ली. टोपी सारखी केली आणि म्हणालो, "जा बाळ. वडलांचं ऐकावं."

तिनं हात खाली घेतला आणि दप्तर उचललं. त्याची लाज मला आजही वाटते.

उन्हाळ्यात ती तिसगावच्या बाजारात भेटली. कडेवर भाऊ होता, तळहातांना घट्टे पडलेले.

"जूनमधे येशील ना शाळेत?"

"व्हय, गुरुजी."

"का पुन्हा गाडीबरोबर जाणार?"

"व्हय, गुरुजी."

"अगं, माझ्याकडं बघून सांग की."

"व्हय, गुरुजी," ती जमिनीकडं बघतच म्हणाली.