मागच्या खोलीतली बिर्थे

बिर्थे स्कोउगोरला माणसांचा तिटकारा नव्हता. माणसं बोलायला लागली की आपण काय करायचं, हे तिला कळत नसे, एवढंच. डेन्मार्कच्या ओडेन्स शहरातल्या श्रवणयंत्रांच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, ती एकवीस वर्षं भिंगाखाली मान घालून बसली होती. बिघडलेली यंत्रं पुडक्यांतून यायची, सुधारून परत जायची. तिचं छान चाललं होतं.

मग प्रेबेन आला. हा तरुण व्यवस्थापक कुठल्याशा शिबिराला गेला आणि परतला तो फळ्यावर वर्तुळं काढतच.

"हे तुझं रोजचं वर्तुळ," तो म्हणाला. "आणि तुझी प्रगती इथे, बाहेर."

"माझी हत्यारं आत आहेत."

"बिर्थे, तू घाबरतेस."

"घाबरत नाही, वैतागलेय. बोळा घे आणि पूस ते."

त्याने पुसलं नाही. उलट, दर बुधवारी वृद्धाश्रमात जाऊन यंत्र कसं वापरायचं ते शिकवायचं, असं फर्मान काढलं.

पहिल्या बुधवारी तिने सात कागदांवर भाषण लिहून नेलं. समोर वीसेक म्हातारी माणसं, कॉफी आणि केक. पहिल्याच वाक्याला मागून कोणीतरी ओरडलं, "काय म्हणतेय ही?" ती जोरात बोलली, तर दोघांची यंत्रं शिट्ट्या मारायला लागली. एक आजीबाई तिचा हात धरून विचारत राहिल्या, "केस कापायला तूच आलीस ना गं?" तिसऱ्या कागदापर्यंत अर्धी मंडळी केककडे वळली होती.

समोरच्या वाऱ्याशी झगडत सायकल हाकत ती घरी आली. नवरा केल बटाटे सोलत होता.

"उद्या राजीनामा देते!"

"दे," केल म्हणाला. "आधी हे बटाटे धू."

राजीनामा लिहिला गेला नाही, कारण प्रेबेन जिंकला असता. पुढच्या बुधवारी मात्र तिने कागद घरीच ठेवले. थोरवाल्ड नावाच्या म्हाताऱ्याशेजारी ती खुर्ची ओढून बसली. तो पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचा.

"भंगार आहे तुमचं यंत्र!" तो गरजला. "तीनदा दुरुस्तीला पाठवलं!"

तिने यंत्र उलटून बघितलं. आत तिच्याच हातचा बारीक क्रमांक होता. तीनही वेळा तिनेच ते उघडलं होतं, भाग बदलले होते, तपासून परत पाठवलं होतं.

"लावून दाखवा बघू."

थोरवाल्डने ते ढकलून ढकलून उजव्या कानात बसवलं.

"अहो, हे डाव्या कानाचं आहे!"

"मग तसं लिहायचं नाही का त्यावर?"

"निळा ठिपका आहे ना. निळा म्हणजे डावा."

"कुठाय ठिपका? मुंगीच्या डोळ्याएवढा! आणि निळा म्हणजे डावा, हे मला सांगितलं कोणी?"

बिर्थेने यंत्र काढून त्याच्या डाव्या कानात बसवून दिलं. कोणीच सांगितलं नव्हतं. तीन वेळा धडधाकट यंत्र खोलताना हे कुठल्या कानात जातं, कसं जातं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. प्रेबेनवरचा सगळा राग तिच्याच अंगावर उलटला. दुपारभर ती टेबलाटेबलाशी फिरली. कुणी बॅटरीवरचा कागद काढलाच नव्हता, कुणाच्या नळीत मळ अडकून बसला होता. खरा बिघाड फक्त दोन यंत्रांत निघाला.

दुसऱ्या दिवशी ती प्रेबेनच्या खोलीत घुसली. "दोन दिवस बाहेर जाईन, तीन दिवस आत बसेन. ठिपके मोठे करून हवेत. आणि पुडक्यासोबत ते लावून दाखवणारा माणूस पाठव, नुसतं यंत्र नको."

प्रेबेनचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

हेच तिला सगळ्यात असह्य झालं. पुढच्या सभेत त्याने फळ्यावर तिचं नाव लिहिलं, वर्तुळाबाहेर, बाण काढून. बिर्थे दात आवळून बसून राहिली, कारण ठिपके मंजूर झाले होते.

याला आता चार वर्षं झाली. दुरुस्तीच्या खोलीत नवीन माणूस आला की पहिला महिना ती त्याला भिंगाला हात लावू देत नाही, वृद्धाश्रमात बसवते. तो कुरकुरतो. मंगळवारी संध्याकाळी तीही अजून कुरकुरते, आणि उद्या वर्तुळाबाहेर जायचंय ना, असं केल विचारतो तेव्हा ती फिस्कारते, "वर्तुळाचं नाव काढू नकोस!"