डोक्यावरची थंडी

पुण्याहून निघालो तेव्हा मी रागात होतो, हे आधीच कबूल करतो. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, हिमाचलातून आलेली फुलझाडाची शेवटची मुळं पनवेलला तिच्या दारावर येणाऱ्या एका मासळीवालीच्या हवाली केली होती. मला ते फोनवर कळलं, तेही तीन महिन्यांनी.

अक्काची उभी हयात हिमाचलात गेली. तिथे तिच्या सफरचंदांच्या सावलीत लिली ऑफ द व्हॅली तणासारखी माजायची. दोन रुंद पानं, मधून एक बारीक दांडी आणि तिच्यावर हरभऱ्याएवढ्या पांढऱ्या घंटा. गुडघे बोलायला लागले तेव्हा घर विकून ती मुलाकडे पनवेलला आली. तिने एकच मागणं मागितलं, तो वास एकदा परत यावा. बागेतला शहाणा म्हणून कामगिरी माझ्यावर आली.

पहिल्या वर्षी मी मुळं सरळ कुंडीत लावली. पुण्याच्या थंडीला त्यांनी थंडी मानलंच नाही. नुसती पानं आली आणि उन्हाळ्यात करपली. दुसऱ्या वर्षी त्यांना खोटा हिवाळा द्यायचा म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीला घट्ट गाठ मारून फ्रिजमध्ये ठेवली. दोन महिन्यांनी आत चिखल निघाला. तिसरी पुडी घराच्या नव्या मालकाने अंगणात फरशी घालण्यापूर्वी अक्काकडेच पाठवली. म्हणजे आता पुन्हा मुळं मिळणार नव्हती.

कळंबोलीला एसटीतून उतरलो. लोखंडाच्या सळ्या लादलेल्या ट्रेलरांची रांग, धूळ, आणि जानेवारी सरत आलेला असूनही घाम. स्वेटर पिशवीत कोंबताना वाटलं, इथे त्या फुलाची काय कथा. रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, गाव आता बिल्डिंगींच्या मागे आहे. तिथल्या गल्लीच्या तोंडाशी त्या मासळीवालीचं, हिराबाईंचं, घर विचारलं, तर एका म्हाताऱ्याने मला नखशिखांत न्याहाळून, मासे दुपारपर्यंत संपतात, असं सांगितलं.

हिराबाई पन्नाशीच्या, आगरी, नुकत्याच बाजारातून आलेल्या. मी कोण ते कळताच त्यांनी डोक्यावरून उतरवलेली पाटी बाजूला सारून आधी जेवायला बसवलं. मी मासे खात नाही हे अक्काने कळवून ठेवलेलं दिसलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं समोर आलं. पोटात भाकरी गेल्यावर माणसाला रागावणं जड जातं. तरी मी विचारलंच, की मुळं माशांच्या पेटीत ठेवलीत का?

"नाय वो भाऊ. अक्का बोलली, पोटात गेलं तं इख हाय. त्यांची पेटी येगळी."

मग त्यांनी पडवीतली थर्माकोलची पेटी उघडून दाखवली. तळाला भोक, त्यावर बांबूच्या कामट्या, त्यांवर मुळांची पुडी, वर तूस (भाताची टरफलं) आणि सगळ्यात वर बर्फ. रोज पहाटे मासळीसाठी बर्फ आणायच्या, त्यातलाच एक तुकडा इथे. जवळपास तीन महिने एकही दिवस चुकला नव्हता, घरात लग्न होतं त्या दिवशीसुद्धा.

"बरफ वर, पान्याला वाट खाली. पान्यात बसला का मासाबी सडतो."

माझी गाठ मारलेली पिशवी डोळ्यांसमोर आली. मी खाली मान घालून बिरडं संपवलं.

तीन मुळांपैकी दोन त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी कुंडीत लावली होती. कुंडी माठाशेजारी, ओल्या गोणपाटाआड. एक मूळ मुकंच राहिलं होतं. दुसऱ्याला दोन पानं, मधून दांडी, दांडीवर हिरवट कळ्या. आणि तळची एक घंटा उमललेली.

कुंडी मांडीवर घेऊन आम्ही दोघं रिक्षाने अक्काकडे गेलो. अक्का खुर्चीत बसून होती. मी काही बोलण्याआधीच तिने डोळे मिटले. मग कुंडीवर वाकली ती वाकलीच. बऱ्याच वेळाने तिने हिराबाईंचा हात धरला आणि विचारलं, "एवढं कशाला केलंस गं?"

हिराबाई म्हणाल्या, "तुमीच बोललात थंडी पायजे. थंडी तं मी रोज डोक्यावरनंच नेते."

मला भरून आलं. लपवायचा प्रयत्न केला, पण अक्काने पाहिलं. मी तिला खरं तेच सांगितलं, हे झाड इथला उन्हाळा काढणार नाही. ती म्हणाली, मागितलं होतं एकदाच.

निघताना हिराबाईंनी पेटी माझ्या हातात दिली. तिसरं मूळ अजून आत होतं. पुण्याच्या गाडीत पेटीतून थेंब गळत होते आणि मासळीबाजारातल्या बर्फाचा, ओळखू येईल असा वासही येत होता. शेजारचे गृहस्थ शिवाजीनगर येईपर्यंत उभे राहिले. मी पेटी मांडीवरून हलवली नाही.

आता रोज पहाटे मी कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याकडे जातो. तो विचारतो, काय देऊ? मी बर्फ मागतो. घरी आधी पेटीखालच्या ताटलीतलं पाणी काढतो, मग वर बर्फ ठेवतो. फूल आलं, तर पहिल्या गाडीने पनवेलला नेणार आहे, या वेळी हिराबाईंच्या घरी.