धवलारणीच्या मागची बाई

मिठागरावर मला कुणीही ओरडायचं. मुकादम ओरडायचा, मुकादमाचा मेव्हणा ओरडायचा, आणि काही काम नसलं तर त्याचा पोरगाही ओरडून घ्यायचा. आमचं गाव खाडीच्या काठावर, पावणे गावाच्या अलीकडे. आता तिथं कारखान्यांच्या भिंती आहेत. तेव्हा पावसात भात आणि उन्हात मीठ. आम्ही बाया डोक्यावर टोपल्या घेऊन मीठ वाहायचो. पायांना भेगा आणि भेगांत मीठ, मेलं कसं चुरचुरायचं! तरी खरं सांगते, ते दिवस अजून हवेसे वाटतात. कारण वैशाखात लग्नं निघायची, आणि मांडवात मी टोपलीवाली नसायची. तिथं मी धवलारणीच्या मागून म्हणायची.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भट येतो तो मागाहून. मांडव, चौक, हळद, सगळं आधी धवलारीण लावते, आणि लावताना धवले गाते. ती एक ओळ म्हणते, मागची बाई तीच ओळ उचलून परत म्हणते. मागच्या बाईनं ओळ उचलली नाही तर धवला अडतो.

आमची धवलारीण म्हणजे माझ्या सासूची बहीण. सारा गाव तिला मावशी म्हणायचा. तरुणपणीच तिचा नवरा गेलेला. इतर विधवांना हळदीच्या ताटाजवळ कुणी फिरकू देत नसे. मावशीला मात्र पाट मांडून बसवायचे. तिला 'बाजूला हो' म्हणायची कुणाची छाती नव्हती. मला तिचा भारी हेवा वाटायचा. मला घरात सासू, बाहेर मुकादम. तिला सांगणारं कोण? कुणी नाही! मला तसं व्हायचं होतं. मला पुढं बसून म्हणायचं होतं.

पण म्हातारी पक्की खाष्ट. सगळे धवले मला तोंडपाठ, तरी एक ओळ पुढं म्हणू द्यायची नाही. "मागून म्हन. आगाव होऊ नको." मी मनातल्या मनात तिला चार शिव्या हासडायची आणि मुकाट्यानं मागून म्हणायची.

धवल्यात एका जागी नवरीच्या माणसांची नावं गुंफतात. मावशी बापाचं नाव घ्यायची, काकांचं घ्यायची, मामांचं घ्यायची. आईचं कधी म्हणजे कधी नाही. मी एकदा धीर करून विचारलं. "माज्या गुरुनीनं नाय घेतला, मी नाय घेत," ती म्हणाली आणि पानाला चुना लावायला लागली.

मग एका वैशाखात आमच्यातल्याच एका बाईच्या लेकीचं लग्न ठरलं. ही माझ्या बरोबरीनं टोपली उचलायची. लेक पोटात असतानाच नवरा गेला. दिराच्या घरात राहून, मीठ वाहून तिनं पोरगी वाढवली. आता मात्र मांडव दिराचा, मान दिराचा. तो कडक धोतर नेसून पुढं बसलेला, आणि आई कुडाच्या आड उभी. मला असा संताप आला!

त्या सकाळी मावशीचा घसा बसला होता, पण बोलेल तर शपथ. तिनं तांदळाच्या पिठाचा चौक भरला, हळदीचा धवला धरला, आणि अर्ध्या ओळीतच आवाज गेला. आणि मी काय करावं? तेवढीच अर्धी ओळ उचलली आणि जिथं तिचा आवाज तुटला, नेमकी तिथंच थांबले. बाया फिदीफिदी हसल्या. मावशीनं मांडीला असा चिमटा काढला की आई गं!

"पुढं म्हन गो बये," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

मी म्हटलं. पहिल्या ओळी थरथरत गेल्या, मग गळा सुटला. मागून मावशी फाटक्या आवाजात माझी ओळ उचलत होती. मांडवभर माझा आवाज फिरत होता. बाई गं, किती आनंद झाला म्हणून सांगू!

नावांची जागा आली. मी नवरीच्या मेलेल्या बापाचं नाव घेतलं, मावशीनं उचललं. काकाचं घेतलं, तेही उचललं; तो खूश. माझी नजर कुडाकडे गेली. नवरीची आई टाचा उंचावून लेकीला बघत होती. मला ठाऊक होतं, मावशीनं ओळ उचलली नाही तर भर मांडवात धवला मोडला म्हणतील, आणि मला पुन्हा कुणी बोलावणार नाही. मग जन्मभर आहेच टोपली आणि मुकादम. तरी मी आईचं नाव घेतलं. तिनं मीठ वाहून लेक वाढवली, असं गाऊन मोकळी झाले.

ओळ संपली. मागून काहीच येईना. काकानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मागं वळून बघायची माझी हिंमत होईना. मी नुसती चौकाकडे बघत बसले.

आणि मग मावशीचा तो फाटका आवाज आला. तिनं ओळ उचलली, आईच्या नावासकट.

काका उठलाच. "मावशे, ह्यो काय नवा परकार?"

"मला काय इचारतोस?" मावशी म्हणाली. "धवलारीन ती हाय."

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, पण आवाज धड होता. मी कुडाकडे तोंड केलं आणि हाक मारली, "ये गो, पुढं ये. लेकीला पयली हलद तू लाव."