आई, शब्द टाक

हे मी कुणापाशीच बोललो न्हाई. शांताच्या, माझ्या बायकोच्या, मयतीला पाळकसाहेब म्हणले, तिच्याविषयी काहीतरी बोला — तवा बी गिळून बसलो. तुमच्यापाशी कशापायी बोलतोय? मलाच कळंना. पण ऐका.

आष्टीची आमची चर्चची मंडळी लहान, पण लई शिस्तीची. मेलेल्यांकडं मागणं मागायचं न्हाई — ना संतांकडं, ना मरियेकडं, ना घरातल्या गेलेल्या माणसाकडं. देवाच्या अन् आपल्या मधी येशू एकटा, दुसरा कुणी नको. मी तिथला पंच. शांता कॅथलिक घरातली. लग्न झाल्यावर तिच्या गळ्यातलं संत अंतोनीचं पदक मीच काढायला लावलं. तिनं काढलं.

आणि बाकी ठिकाणी मी काय करत होतो? नवे नवे एसटीडी बूथ निघाले, तवा स्टँडाजवळचा बूथ मला कसा मिळाला? टेलिफोनच्या साहेबांच्या भाच्यानं शब्द टाकला म्हणून! आमच्याकडं कुणी शब्द टाकल्याबिगर पान हालत न्हाई.

मग रूथ आजारी पडली. आमची एकुलती एक पोर. ताप डोक्यात गेला, नगरच्या डॉक्टरनं हात टेकले. कपडे न्यायला म्हणून मी आष्टीला आलो आणि — पाय कब्रस्तानाकडं कसे वळले, काय सांगू! आईच्या कबरीवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. आई, तू तिथं देवाजवळ हायस. माझं तो ऐकंना. तू शब्द टाक.

पोरगी वाचली. आनंदाच्या भरात मी शांताला सगळं सांगून बसलो. ती लई रडली.

रविवारी चर्चमधी, देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायला उठली आणि भोळेपणानं तेच बोलली — सासूबाईंनी देवापाशी शब्द टाकला. पाळकसाहेबांनी विचारलं, मेलेल्या बाईकडं मागायला कोण गेलतं? शांतानं माझ्याकडं बघितलं. मी — मी गीतांचं पुस्तक उघडलं.

"मी गेलते," ती म्हणली.

पंचांची बैठक बसली. तिला प्रभुभोजनाची भाकर बंद करायची का? माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. वर म्हणलं, माहेरची खोड हाय, जाता जात न्हाई. ऐकलंत? माहेरची! थू माझ्या पंचपणावर. मेलेल्याला सांगणं पाप हाय का न्हाई, ते शहाण्यांनी ठरवावं. पाप असलंच तर ते माझं होतं, आणि मी ते बायकोच्या पदरात बांधलं. भ्यालो. लोक हसतील, पंचाचा मान जाईल — एवढ्याला भ्यालो.

पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट फिरवायची पाळी माझीच. शांता रूथला मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर. मी जवळ आलो तसा सवयीनं तिचा हात पुढं आला. मग तिला आठवलं. हात पदराखाली गेला. मी ताट पुढच्या माणसाकडं नेलं.

रूथ त्या दिवशी आजारानंतर पहिल्यांदा स्वतःच्या पायानं चर्चला आलती, म्हणून शांतानं घरी मटण केलतं. तिनं मला वाढलं. मी पोटभर जेवलो.