वळू द्या त्याला

बारामतीच्या एका गेमिंग कॅफेत मी विमानांच्या लढाईचा खेळ खेळायचो. तीन आठवड्यांत एकदाही जिंकलो नव्हतो. समोरचं विमान संथ, पण जागच्या जागी वळणारं. मी त्याच्यामागं वळत राहायचो आणि पडायचो.

एकदा शेजारच्या खुर्चीतले पन्नाशीचे गृहस्थ माझा पडदा बघून हसले.

"त्याच्यासंगं वळू नका, सर. वळणात तुमचा वेग जातो. सरळ वर जावा. त्याला खाली वळू द्या. मग वरनं झडप घाला, आन् परत वर."

बोलताना त्यांचा एक तळहात विमानासारखा टेबलावर गरगरत होता, दुसरा कानाजवळ निवांत थांबला होता.

मी तसंच केलं. वर थांबताना बोटं शिवशिवत होती. दुसऱ्या झडपेला समोरचं विमान पेटलं आणि मी ओरडलोच.

आनंदानं त्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांचंच विमान धूर सोडत खाली चाललं होतं. तेही शत्रूमागं वळत बसले होते.

"अहो, तुम्हाला तर सगळं माहीत आहे!"

"व्हय की," ते खळखळून हसले. "कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर घेऊन दिसभर रांगेत थांबतो मी. पण हितं ह्यो समोर दिसला की ऱ्हाववत न्हाय."

आणि त्यांनी लगेच दुसरा डाव लावला.