खुब्यावरचा व्रण

"हिला कोणी आत सोडलं?"

डोंबिवलीचा तरणतलाव. सकाळची बायकांची बॅच. मी काठावर, एक पाय पाण्यात. खुब्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेले. पोहा, असं डॉक्टरांनीच सांगितलेलं.

विचारणाऱ्या मॅडमना मी ओळखत होते. त्यांच्याच सोसायटीचे जिने मी नऊ वर्षं धुवत होते.

त्या ट्रेनरला म्हणाल्या, "हिला जखम आहे. इन्फेक्शन होईल सगळ्यांना."

मी म्हटलं, "जखम नाही मॅडम, व्रण आहे. सर्टिफिकेट ऑफिसात दिलंय."

"तू मध्ये बोलू नकोस." मग मैत्रिणीला, पण मला ऐकू येईल असं, "आता यांच्याबरोबर एका पाण्यात उतरायचं?"

यांच्याबरोबर. व्रण तर माझ्या एकटीचा होता. हे 'यांच्या' म्हणजे कोण, ते मला शाळेपासून कळतं.

ट्रेनर खाली बघत म्हणाला, "ताई, तुम्ही दुपारच्या बॅचला या ना."

दुपारी मी कामावर असते. त्यालाही माहीत होतं.

मी पाय बाहेर काढला. घरी गेले. त्याचीच लाज वाटते अजून.

शहाडला नदीत पोहायला शिकलेली मी. शाळेत असताना जिल्ह्यात दुसरी आलेले. पुढे लग्न, बादल्या, जिने. खुबा कामातून गेला. ऑपरेशननंतर वॉकर धरून घरात फिरायचे तेव्हा डोक्यात एकच. परत पोहायचं.

दुसऱ्या दिवशी मॅडम जिन्यात भेटल्या. "राग नको मानूस हं. पाण्याचं जरा असतं गं आमच्यात." आणि लगेच, "तिसऱ्या मजल्यावर डाग राहिलेत, बघ."

मी बादली खाली ठेवली.

"मॅडम, उद्या सकाळी मी येणार आहे."

"कुठे?"

"पाण्यात."

गेले. उतरले. चार बायका शिडी चढून बाहेर आल्या. ट्रेनर धावत आला. म्हटलं, "मला काढायचं तर लेखी द्या. कारण लिहा. खाली सही करा." आणि पोहायला लागले.

अर्ध्यावर खुब्यातून कळ गेली. कडेचा दांडा धरून थांबले. काठावरून त्या चौघी बघत होत्या. श्वास घेतला आणि उरलेला अर्धा तलाव पूर्ण केला.

महिना झाला. लेखी कोणी दिलं नाही. सोसायटीचं काम मात्र गेलं. "दुसरी बाई मिळाली," म्हणाले. असू दे. जिने कुठेही मिळतात.

काल ठाण्याच्या स्पर्धेचा फॉर्म भरला. ट्रेनर हळूच म्हणाला, "नुसतं तुमचं आणि वडिलांचं नाव टाकलं तरी चालतं, ताई."

मी आधी आडनाव लिहिलं. मोठ्या अक्षरात.